६५० वॉटचा पीसी खरंच ६५० वॉट खातो का?

एपिसोड ऐकायचा राहिला असेल, किंवा बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं असेल की इअरफोन घरीच राहिले, तर हे त्याचं लिखित रूप. माझी अडखळण काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय. मध्ये एकदा कुकरची शिट्टी झाली होती, ती मात्र लिहिता येत नाही.

आजचा विषय भांडणातून आला आहे. जानेवारीतलं लाईटबिल. वाकडला आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो. मी, एक सोलापूरवाला, एक नांदेडवाला. सोलापूरवाला सीएची आर्टिकलशिप करतोय, हे लक्षात ठेवा, पुढे महत्त्वाचं आहे. बिल आलं २६८ युनिटचं, तीन हजार शंभरच्या आसपास. आधीच्या महिन्यांपेक्षा बरंच जास्त. आणि घरात एकच वस्तू अशी, जी फक्त माझी आहे, मोठी आहे, आणि रात्री निळा लाईट मारते. माझा डेस्कटॉप.

सोलापूरवाल्याने माझ्या कपाटावर ठेवलेलं एसएमपीएसचं खोकं उचललं. त्यावर मोठ्या अक्षरात ६५० वॉट. त्याने मोबाईलवर गणित केलं: ६५० वॉट, रोज दहा तास, तीस दिवस. १९५ युनिट. १९५ भागिले २६८ म्हणजे बिलाचे ७३ टक्के. "सव्वादोन हजार तुझे, बाकीचे तिघांत."

मी म्हणालो, अरे असं नसतं. तो म्हणाला, मग कसं असतं? आणि खरं सांगू का, बीटेक करून, पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून, मला उत्तर देता आलं नाही. "एवढं नाही खात रे" एवढंच म्हणत राहिलो. मग आवाज चढले. नांदेडवाला म्हणाला, मार्चमध्ये ॲग्रीमेंट रिन्यू करायचंय, त्याआधी एक तर पीसी गावाला पाठव, नाहीतर दुसरी खोली बघ. पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे दोन वेगळ्या भाज्या होत होत्या.

तर आधी खोक्यावरच्या आकड्याचं बघू.

एसएमपीएसवरचे ६५० वॉट ही त्याची ऐपत आहे, खर्च नाही. पाण्याच्या टाकीवर हजार लिटर लिहिलंय म्हणून तुम्ही रोज हजार लिटर पाणी वापरत नाही ना? एसएमपीएस म्हणतो, आतल्या पार्ट्सनी मागितलं तर मी ६५० वॉटपर्यंत देऊ शकतो. मागणी ६० ची असेल तर ६०च देतो. त्यामुळे उद्या तुम्ही हजार वॉटचा एसएमपीएस बसवलात तरी बिल तिथल्या तिथेच राहील, निदान जवळपास.

जवळपास का? कारण एसएमपीएस भिंतीतली एसी वीज घेऊन आतल्या पार्ट्सना डीसी देतो, आणि त्या बदलात थोडी वीज उष्णता होऊन जाते. माझा एसएमपीएस ८० प्लस ब्रॉन्झ आहे. म्हणजे अर्ध्या लोडवर साधारण ८५ टक्के किंवा थोडी वर कार्यक्षमता. आतल्या पार्ट्सनी २५० वॉट मागितले, तर भिंतीतून २९० च्या आसपास जातात. मधले चाळीस वॉट एसएमपीएसचा पंखा बाहेर फेकतो. आणि लोड अगदी कमी असला, क्षमतेच्या दहा टक्क्यांच्याही खाली, तर हे प्रमाण आणखी घसरतं. गरजेपेक्षा फारच मोठा एसएमपीएस घेतला की हा थोडासा तोटा होतो. पण तो तोटा काही वॉटचा, शेकड्यांचा नाही.

बरं, मग मागणी किती असते? माझ्या मशीनमध्ये रायझन ५ ५६००एक्स आहे आणि आरटीएक्स ३०६०. प्रोसेसरच्या पानावर लिहिलंय टीडीपी ६५ वॉट. ग्राफिक्स कार्डावर १७० वॉट. इथेही फसायला होतं. टीडीपी हा मुळात कूलर किती उष्णता काढू शकणारा हवा, हे सांगणारा आकडा. ५६००एक्स सगळे कोअर लावले की ७६ वॉटपर्यंत जातो. इंटेलमध्ये तर अंतर आणखी मोठं, आय९ १३९००के चा मूळ आकडा १२५ वॉट आणि टर्बोमध्ये २५३. आणि उलट बाजूने, काही काम नसेल तर हेच प्रोसेसर त्या आकड्याच्या खूप खाली उतरतात.

हे खाली उतरणं मला सगळ्यात सुंदर वाटतं, म्हणून थोडं थांबतो. चिपमधला ट्रान्झिस्टर चालू-बंद होतो तेव्हा खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असते. वर्गाच्या, हं. व्होल्टेज दहा टक्के कमी केलं आणि फ्रिक्वेन्सीही दहा टक्के कमी केली, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३. वेग दहा टक्के गेला, खर्च सत्तावीस टक्के गेला. म्हणून प्रोसेसर काम नसलं की दोन्ही खाली आणतो, आणि अजिबातच काम नसेल तर कोअरचे कोअर झोपवतो. पूर्वी असं नव्हतं. विंडोज ९५ च्या काळात प्रोसेसरला काम नसलं तरी तो रिकामा गोल गोल फिरत राहायचा, आणि त्याला थांबवायला लोक वेगळी छोटी सॉफ्टवेअरं टाकायचे. आज हे सगळं आपोआप होतं, सेकंदाला कितीतरी वेळा. म्हणजे "माझा पीसी इतके वॉट खातो" असं एका आकड्यात सांगताच येत नाही. तो आत्ता काय करतोय ते आधी विचारावं लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये बघता येतं का? अर्धं येतं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं टूल प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डाचे वॉट दाखवतं. पण मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे आणि एसएमपीएसमध्ये जळालेली वीज त्यात येत नाही. मी पहिल्या दिवशी हाच स्क्रीनशॉट नेऊन दाखवला. सोलापूरवाला म्हणाला, "आरोपीचाच जबाब?" बरोबर होतं त्याचं.

मग मी प्लगमध्ये लावायचा पॉवर मीटर मागवला. हजार-बाराशेला मिळतो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर, मीटरमध्ये तुमची पिन, छोट्या स्क्रीनवर वॉट आणि युनिट. घेताना १६ अँपिअरचा घ्या, म्हणजे इस्त्री, इंडक्शन यांनाही लावता येतो. आणि दोघांच्या समोर लावला, नाहीतर परत आरोपीचाच जबाब.

आकडे सांगतो. हे फक्त कॅबिनेटचे, भिंतीतून घेतलेले. डेस्कटॉप उघडून नुसता ठेवला: ६२ वॉट. ब्राउझर, यूट्यूब, कोड एडिटर असं नेहमीचं काम: ८० च्या आगेमागे. मोठा प्रोजेक्ट कम्पाइल करताना: १३५. गेम: २९०. स्लीपमध्ये: ३. चोवीस इंची मॉनिटर वेगळा मोजला, २४ वॉट. ऑफिसचा लॅपटॉप त्याच्या स्क्रीनसकट, ब्राउझर चालू असताना, १२.

६५० कुठेच नाही. २९० वर काटा थांबला तेव्हा मी सोलापूरवाल्याकडे बघितलं, अगदी विजयी मुद्रेने. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, आठवडाभर लावून ठेव. युनिटचा आकडा बघू.

(मंडळी, ज्यांच्याकडे हा मीटर नाही त्यांच्यासाठी फुकटची युक्ती. तुमच्या घराच्या विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी लिहिलेलं असतं ३२०० आयएमपी पर केडब्ल्यूएच, कुठे १६००. म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. घरातलं बाकी सगळं पाच मिनिटं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त पीसी चालू ठेवा. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, वॉट मिळतात. पंधरा सेकंदांनी लुकलुकला तर ७५ वॉट. चार सेकंदांनी, तर २८० च्या घरात. १६०० चा मीटर असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्या. एकच लुकलुक नका मोजू, दहा मोजा आणि सरासरी काढा.)

त्या आठवड्यात मी सोलापूरवाल्याच्या मूळ गणिताचीही चिरफाड केली. पीसीचे १९५ युनिट असतील तर उरतात ७३. आमचा फ्रिज रोज एक युनिटच्या आसपास खातो, महिन्याचे झाले तीस. आणि गीझर. गीझरचं गणित तर आठवीच्या विज्ञानात आहे. पंधरा लिटर पाणी, थंडीत तीस अंश तापवायचं. १५ गुणिले ३० गुणिले ४.१९ किलोज्यूल, म्हणजे साधारण १८८५ किलोज्यूल. एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात. म्हणजे एक टाकी तापवायला अर्ध्या युनिटहून थोडं जास्तच. आपण सरळ अर्धा धरू. तिघांच्या तीन अंघोळी, दिवसाला दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. फ्रिज तीस, गीझर पंचेचाळीस, पंचाहत्तर तर इथेच झाले. मग पंखे, दिवे, वॉशिंग मशीन, इंडक्शन काय हवेवर चालतात? बिल वाढलं ते थंडीत गीझर सुरू झाला म्हणून. हे मी व्हाइटबोर्डवर काढून दाखवलं.

आणि वर हेही काढलं: दीड तास गेमिंग, मॉनिटर धरून ३१४ वॉट, म्हणजे ०.४७ युनिट. दीड तासाचा गेम म्हणजे एक अंघोळ. माझ्या गेमला नावं ठेवणाऱ्यांनी आधी गार पाण्याने अंघोळ करावी.

नांदेडवाला हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मग आठवडा संपला आणि मीटरवर सगळं धरून १५.५ युनिट होते. दिवसाला २.२. महिन्याला ६६.

मला वाटलं होतं पंचवीस-तीस येतील. इतके कसे? मी दिवसाचा ताळेबंद मांडला. दीड तास गेम, ४३५ वॉट-अवर. तीन तास इतर काम, २४०. मॉनिटर १०८. हे सगळं मिळून पाऊण युनिटच्या थोडं वर. उरलेले साडेएकोणीस तास? पीसी चालूच होता. मी तो बंदच करत नव्हतो. त्याच्यावर माझा छोटा मीडिया सर्व्हर होता, शिवाय ऑफिसमधून स्वतःच्या प्रोजेक्टसाठी रिमोटने घुसायची सोय. साडेएकोणीस तास गुणिले ६२ वॉट, १२०९ वॉट-अवर. आणि एक वस्तू तर मी धरलीच नव्हती: यूपीएस. बॅटरी भरलेली असतानाही, मागे काही जोडलेलं नसताना तो स्वतः ९ वॉट खात होता, चोवीस तास. दिवसाचे २१६. रिकाम्या खोलीत, मी नसताना किंवा झोपलेलो असताना, महिन्याला जवळपास ४३ युनिट जात होते. अख्ख्या घराच्या अंघोळीइतके. ज्या गेमिंगवरून भांडण सुरू झालं त्याचे महिन्याचे युनिट होते १३.

६२ वॉट ऐकायला काहीच नाही. जुना सीलिंग फॅन ७५ वॉटचा असतो. पण कुणी रिकाम्या खोलीत दिवसरात्र पंखा चालू ठेवला असता, तर मीच ओरडलो असतो. पीसीचं ते दिसत नाही. स्क्रीन काळी झाली की आपण समजतो झोपला. स्क्रीन बंद होणं आणि पीसी झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माझे फक्त मॉनिटरचे २४ वॉट वाचत होते, आतलं सगळं जागं.

हे मी दोघांना सांगितलं का? एक रात्र नाही सांगितलं, कबूल करतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं. मीटर त्यांच्या समोर लावला होता, लपवणार काय.

आता सीएवाला जागा झाला. पैशांचा प्रश्न असा: महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने वाढतं. शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, मग ३०१ ते ५००, मग त्यापुढचा. आमच्या बिलात सगळे आकार धरून सरासरी युनिट साडेअकरा रुपयांना पडत होतं, पण वरच्या टप्प्यातलं एक युनिट तेराला. मी म्हणालो, माझ्या पीसीला सरासरी दर लावा. तो म्हणाला, नाही, फ्रिज आणि दिवे सगळ्यांचे आहेत, ते आधी; तुझा पीसी वरचा, त्यामुळे त्याचे युनिट शेवटचे, त्यांना तेराच. ६६ युनिट गुणिले दीड रुपया, ९९ रुपयांसाठी आम्ही पाऊण तास वाद घातला. तो जिंकला. मला अजूनही वाटतं की गीझर तर पीसीनंतर आला होता, मग शेवटचे युनिट गीझरचे का नाहीत? पण ते जाऊ दे.

महिन्याला ८५८ रुपये, पीसी घरात येऊन सात महिने, सहा हजार. बिल आम्ही समान वाटून भरत होतो, म्हणजे त्यातले चार हजार त्या दोघांच्या खिशातले. सव्वादोन हजार महिन्याला म्हणत होते ते चूक, पण "तुझ्यामुळे आम्हाला भुर्दंड पडतोय" हे बरोबर होतं. मी चार हजार दिले. त्यातून हॉलला बीएलडीसी पंखा आला, तो पूर्ण वेगातही तीस वॉटच्या आसपासच चालतो. उरलेल्यात तिघांनी मिसळ खाल्ली.

मी पीसीत काय बदललं ते पटकन सांगतो. मीडिया सर्व्हर रास्पबेरी पाय ४ वर हलवला, तो चार वॉटमध्ये दिवस काढतो, महिन्याला तीन युनिटच्या आत. पीसीला वीस मिनिटांनी स्लीप लावली. लावली, पण झोपेचना! विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा आणि टाइप करायचं: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश रिक्वेस्ट्स. कोणता प्रोग्रॅम पीसीला जागं ठेवतोय त्याचं नाव येतं. माझ्याकडे एक ब्राउझर टॅब होता, ज्यात ऑडिओ म्यूट होता पण चालू होता. आणि रात्री आपोआप जाग येत असेल, तर स्लॅश लास्टवेक. रात्री आता सरळ शटडाऊन आणि यूपीएसचंही बटण बंद. हलणारा वॉलपेपर काढला, तो ग्राफिक्स कार्डाला झोपू देत नव्हता. गेममध्ये फ्रेम रेट साठवर बांधला, तर २९० चे २०५ वॉट झाले, आणि माझ्या डोळ्यांना काही फरक कळला नाही. शत्रूला कळत असेल. पूर्वीइतकंच वापरून, फ्रेम रेट न बांधताही, महिन्याचा हिशेब ६६ वरून २७-२८ युनिटवर येतो.

यूपीएसबद्दल एक गोष्ट राहिली, पीसी असेंबल करणारे बरेच जण विचारतात. ६०० व्हीए लिहिलेल्या यूपीएसवर बारीक अक्षरात बहुतेक ३६० वॉट असतं. तुमच्या पीसीची तुलना त्या ३६० शी करायची. माझा गेमिंगचा ३१४ त्यात बसतो, पण जेमतेम. उद्या मोठं कार्ड टाकलं, आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॉट मागतं, तर लाईट गेल्या क्षणी यूपीएसही हात वर करणार. इथे मोजलेला आकडा कामाला येतो, खोक्यावरचा नाही.

आणि उन्हाळा जवळ येतोय म्हणून हेही: पीसी जितके वॉट घेतो ते सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात. दोन तास २९० वॉट म्हणजे खोलीत छोटा हीटर. मेमध्ये गेम रात्री अकरानंतर.

ॲग्रीमेंट रिन्यू झालं, तिघांच्या सह्या झाल्या. भाजी परत एकच होते. मीटर सध्या नांदेडवाल्याकडे आहे. त्याने तो त्याच्या इंडक्शनला लावलाय, ज्याच्यावर तो रात्री एक वाजता मॅगी करतो. आठवडा होऊन गेला, आकडा अजून सांगत नाहीये.